पोळ्याला टाके, दिवाळीला स्वेटर

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैलही दारोदार फिरून आले. निंदणाची घाई ओसरलेली असते, सोयाबीन अजून कापणीला आलेले नसते आणि पऱ्हाटीचे पहिले बोंड फुटायला अवकाश असतो. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला वर्षातून मिळणारी ही थोडकी उसंत. थंडीसाठी घरात काही विणायचे असेल, किंवा कुणाला हातचे विणलेले द्यायचे असेल, तर पेटीतून सुया काढण्याची हीच वेळ.

थंडी पडल्यावर बसू विणायला, असे म्हणणाऱ्या बहिणींचे अर्धे स्वेटर पुढच्या उन्हाळ्यात ट्रंकेच्या तळाशी सापडतात. माझेही सापडले आहेत. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते. दिवसभर ओटीत कापूस गोळा करता करता बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे फाटतात, आणि फाटलेल्या बोटाला लोकर अशी अडकते की दोन ओळींत माणूस कंटाळून सुया ठेवून देतो. म्हणून हिशेब आधीच करावा. पोळ्याची श्रावणी अमावास्या ते लक्ष्मीपूजनाची आश्विनातली अमावास्या, म्हणजे बरोबर दोन महिने. रोज एक तास धरला तर मध्यम हाताच्या बाईचा एक मोठ्या माणसाचा बिनबाह्यांचा स्वेटर होतो, किंवा लहान मुलाचा स्वेटर आणि एखादी कानटोपी. याहून जास्त अंगावर घेऊ नये.

आता एक खरे बोलून टाकते. पैशात पाहाल तर घरी विणणे स्वस्त पडत नाही. लुधियानाच्या कारखान्यांतून आलेला तयार स्वेटर आठवडी बाजारात कित्येकदा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो. शहरांत हिवाळ्यात जे तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, तेही बहुतेक माल लुधियानाहूनच आणतात. १९७२ साली वसलेली त्यांची एक वसाहत आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला आहे. मग घरी विणायचे कशाला? तर तयार स्वेटर कुणाच्याही अंगाचा असतो, आणि आपण विणतो तो एका माणसाच्या अंगाचा आणि त्याच्या कामाचा असतो. हे काम ध्यानात न घेता नुसता रंग पाहून लोकर उचलली, तर मात्र तयार स्वेटर परवडला.

नमुन्याची पुस्तके चाळताना हीच चूक होते. त्यांतले बरेचसे नमुने हिमाचल-पंजाबच्या थंडीचे असतात. उंच गळा, जाड जाड वेण्या, बंद छाती. आपल्या पुसदची थंडी तशी नाही. पूस नदीच्या काठाला पौषातली पहाट बोचरी असते, पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याहून खालीही. पण दहाच्या सुमारास ऊन चढते आणि दुपारी सुती सदरासुद्धा नकोसा होतो. म्हणून आपल्याकडे स्वेटर पुढून उघडणारा असावा. डोक्यावरून ओढून काढायचा स्वेटर म्हातारी माणसे काढतच नाहीत, घामाने भिजतात आणि संध्याकाळी तोच ओलावा छातीला लागतो. माझ्या सासूबाईंना मी हौसेने वेणीचा बंद स्वेटर विणला होता. दोन हिवाळे तो खुंटीवर राहिला. तिसऱ्या वर्षी उसवून पुढून बटणांचा केला, तेव्हा अंगावर आला. सांधे धरलेल्या बोटांना लहान बटण लागत नाही, तेव्हा बटणे चांगली चार आणेएवढी घ्यावीत.

कामकरी माणसाला बिनबाह्यांचा स्वेटर सर्वांत सोयीचा. छाती-पाठ झाकते, हात मोकळे राहतात आणि लोकरही बरीच कमी लागते. अंदाज असा धरावा: पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चारशे ते पाचशे ग्रॅम, पाच वर्षांच्या मुलाला दोनशेच्या आसपास, तान्ह्या बाळाच्या स्वेटरला शंभर, टोपी-मोज्यांना पन्नास. पहिल्या खेपेलाच एक गोळा जास्त घ्यावा. गोळ्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्या गोळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच पाहावे. एकाच नावाचा लाल रंग दुसऱ्या लॉटमध्ये वेगळा निघतो. दुकानात कळत नाही, अंगणातल्या उन्हात लगेच दिसतो.

जागलीला जाणाऱ्यासाठी

रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला किंवा रानडुकरे-रोह्यांपासून पीक राखायला जाणाऱ्या माणसाचा विचार वेगळा करावा लागतो. त्याला दव लागते, पाय ओले होतात. त्याच्यासाठी खरी लोकर, म्हणजे मेंढीची, घ्यावी. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. सूत ओले झाले की गार पडते. आपल्या धनगर बांधवांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर राठ असते, तिचा स्वेटर अंगाला टोचतो, पण घोंगडी तिच्यासारखी दुसरी नाही. जागलीला घोंगडी, आणि आत मऊ लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, असा मेळ घालावा.

आणि मफलर? पुरुषमाणसाला भेट म्हणून पहिल्यांदा मफलरच सुचतो, कारण त्यात घट-वाढ नाही, सरळ विणत जायचे. पण तुमच्या घरी कडबाकुट्टी आहे, मळणी यंत्र येते, इंजिनावर पट्टा फिरतो. तूर आणि गहू मळायला येतात त्या दिवसांत सकाळी थंडी असतेच, आणि गळ्यात लोंबता मफलर घेऊन माणूस यंत्रापुढे वाकतो. पट्ट्यात टोक गेले की हात घालून सोडवायला वेळ मिळत नाही. साडीच्या पदराचे जे भय, तेच मफलरचे. म्हणून यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला मफलर विणूच नये. त्याला गळ्यापर्यंत उतरणारी कानटोपी विणावी, नाहीतर दोन्ही टोके शिवून टाकलेली, डोक्यातून घालायची रुंद गळपट्टी. अंगाबरोबर बसते, लोंबत काही नाही. मफलर मास्तरांना द्या, यष्टीने रोज पुसदला शिकायला जाणाऱ्या मुलाला द्या.

काडी लावून पाहा

दुकानात ज्याला आपण लोकर म्हणतो तो धागा बहुतेक वेळा मेंढीचा नसतोच. तो अ‍ॅक्रिलिक असतो. आपल्याकडे बायका त्याला कॅशमिलॉन म्हणत आल्या. ते खरे तर जपानच्या आसाही कंपनीचे व्यापारी नाव, पुढे तसल्या सगळ्याच धाग्याला चिकटले. अ‍ॅक्रिलिक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. हलका असतो, रंग पक्का, कसर लागत नाही, वरचेवर धुतला तरी आटत नाही, किंमत बेताची. शाळेत जाणाऱ्या पोरासाठी तो ठीक. त्याचा एकच दोष आहे आणि तो आपल्या घरांत मोठा आहे: विस्तवाजवळ तो वितळतो.

आमच्याच घरातली गोष्ट. धाकट्या जाऊबाईंचा मुलगा चार वर्षांचा होता. पहाटे अंगणात शेकोटी, पोरे भोवती बसलेली. तुरीच्या फणकटाचा निखारा तडकला आणि त्याच्या स्वेटरच्या बाहीवर पडला. सुती सदरा असता तर भोक पडून झटकता आला असता, मेंढीची लोकर असती तर करपून विझली असती. हा धागा वितळला आणि मनगटाला चिकटला. मी घाबरून तो ओढायला गेले, ते शेजारच्या नर्सबाईंनी अडवले. चिकटलेले ओढायचे नाही, वर हळद-पेस्ट काही लावायचे नाही, वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहायचे आणि मग दवाखाना. पोरगा बरा झाला, डाग राहिला आहे. तो स्वेटर मीच विणला होता, आणि दुकानदाराने तो धागा शंभर टक्के लोकरीचा म्हणून दिला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गोळ्याची परीक्षा घेते. बोटभर धागा तोडावा, चिमट्यात धरावा, खाली पाण्याची ताटली ठेवावी आणि काडी लावावी. मेंढीची लोकर कष्टाने जळते, केस जळल्याचा वास येतो, राख बोटात चुरगळते. सूत कागदासारखे भरभर जळते, राख करडी आणि मऊ. अ‍ॅक्रिलिक आक्रसून वितळते आणि शेवटी काळा कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात वासही येतो आणि मणीही राहतो. गोळ्याच्या पट्टीवर लोकरीच्या गुंड्यासारखी वूलमार्कची खूण असेल तर तीही पाहावी. ही खूण १९६४ पासून शुद्ध लोकरीसाठी चालत आली आहे. पण खेड्यात सुटी लोकर घेणाऱ्या बाईला काडीपेटीच खरी साक्षीदार.

चुलीपुढे बसणारी बाई, शेकोटीभोवतीची पोरे आणि शेकोटीजवळून न हलणारे आजोबा, या तिघांसाठी मेंढीची लोकर किंवा सूत घ्यावे, भले एक स्वेटर कमी विणावा.

बाळंतविडा

विणून द्यायच्या भेटींत सर्वांत मानाची भेट बाळंतविड्याची. टोपडे, कुंची, झबले, मोजे, दुपटे. माहेरच्या बाईचा जीव त्यात गुंतलेला असतो. आणि इथेच धाग्याची निवड सर्वांत जोखमीची, कारण आपल्याकडे अजूनही बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची आणि बाळाला धुरी देण्याची चाल काही घरांत आहे. बंद खोलीत निखारे ठेवू नयेत, त्यांचा विषारी वायू जिवावर बेततो, हे डॉक्टर सांगतातच. त्यात बाळाच्या अंगावर वितळणारा धागा असेल तर बोलायलाच नको.

ऊब मात्र बाळाला हवीच. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि तिथून ऊब फार निघून जाते, म्हणून टोपडे ही नुसती हौस नव्हे. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीला, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या काळजीत बाळाला उबेत ठेवणे हा एक मुख्य भाग होता. आज आशाताई घरी येऊन हेच सांगतात. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहावेत. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आईच्या अंगाची ऊब कुठल्याच लोकरीला यायची नाही.

बाळासाठी माझी पसंती सुती धाग्याला. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. गाड्या भरून कापूस विकायचा आणि बाळाच्या अंगाला परका कृत्रिम धागा लावायचा, हे मला पटत नाही. सूत मऊ, उकळत्या पाण्यात धुता येते, लाळ-दूध शोषते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, काठ सैल पडतो, म्हणून काठाला सुई दोन नंबर बारीक घ्यावी. आणि सूत धुतल्यावर आटते, म्हणून आधी चार बोटांचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. पौषातल्या बाळाला सुती टोपड्यावरून मऊ लोकरीची दुसरी टोपी चालेल.

बाळाच्या विणकामात गळ्याला लांब नाडी नको, फासासारखी आवळते. लोंबते गोंडे, मणी, सैल बटण नको, तोंडात जाते. हातमोज्यांच्या आत धाग्याचे एकही टोक सुटे राहू देऊ नये. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळतो, बोट सुजते, आणि बाळ का रडते ते कुणाला कळत नाही. मोजे रोज उलटे करून पाहावेत.

जुने विणलेले कपडे मागून आणण्याची आपली रीत चांगली आहे, पण ते बहुधा डांबरगोळ्यांत ठेवलेले असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, त्यांना या गोळ्यांच्या वाफेने रक्त फुटून कावीळ होते. तेव्हा बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही घालू नये. मागून आणलेले कपडे धुऊन, कडक उन्हात चांगले वाळवून मगच बाळाला घालावेत. ठेवताना स्वच्छ धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि घट्ट बांधलेले असले तर कसर सहसा लागत नाही, ती मळक्या लोकरीवर आधी धावते. लोकर रिठ्याच्या गार पाण्यात दाबून धुवावी, चोळू-पिळू नये, आणि बाजेवर पसरून सावलीत वाळवावी. दोरीवर टाकली की हातभर लांबते.

बाकीच्या भेटींचे थोडक्यात. संक्रांतीच्या वाणाला चुलीवरचे भांडे उतरवायची विणलेली चौकट द्यायची असेल तर ती जाड सुताचीच हवी. अ‍ॅक्रिलिकची दिलीत तर वाण घेणारीचे हात पोळतील. बोरन्हाणाला काळे झबले विणायचे तर तेही सुती, कारण तो कार्यक्रम दुपारच्या उन्हात होतो.

नक्षी शोधायला मात्र लांब जायला नको. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचे भरतकाम पाहा: चौकोन, त्रिकोण, शंकरपाळे, एकात एक बसवलेले. चौकटीच्या कागदावर ते सहज उतरते. फक्त एक ध्यानात ठेवा, विणकामाचा टाका चौकोनी नसतो, रुंद आणि बुटका असतो. चारपदरी धाग्यात सात टाक्यांची रुंदी साधारण नऊ ओळींच्या उंचीएवढी भरते. कागदावरचा चौकोन जसाच्या तसा विणला तर तो चपटा होतो, म्हणून उंचीला ओळी वाढवाव्यात. एका ओळीत दोनच रंग घ्यावेत, आणि मागून नेलेला धागा चार-पाच टाक्यांपेक्षा लांब सोडू नये, नाहीतर घालताना बोटे अडकतात. तांड्यावरच्या एखाद्या वयस्क याडीजवळ तासभर बसलात तर पुस्तकातल्यापेक्षा जास्त नक्ष्या मिळतील. आरसे आणि कवड्या मोठ्यांच्या पिशवीवर शोभतात, लहान मुलाच्या कपड्यावर नकोत.

पहिल्यांदा विणणारीसाठी नवजात बाळाच्या टोपीचा सोपा नमुना देते. चारपदरी मऊ सूत किंवा लोकर पंचवीस ग्रॅम, सुया दहा आणि बारा नंबरच्या. (सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, नवशिक्या इथे फसतात.) आधी तुकडा विणून पाहा: दहा सेंटिमीटरमध्ये अठ्ठावीस टाके आले पाहिजेत. जास्त आले तर सुई एक नंबर जाड घ्या.

बारा नंबरच्या सुईवर ९० टाके सैल हाताने घाला. दोन सुलटे, दोन उलटे असे विणत शेवटी दोन सुलटे येतील. पुढच्या ओळीत टाके जसे दिसतील तसे विणा. अशा दहा ओळींचा काठ करा. मग दहा नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलटी, एक ओळ उलटी असे सुरुवातीपासून नऊ सेंटिमीटर उंची होईपर्यंत विणा. आता सुलट्या ओळीत घट सुरू करा: आठ सुलटे, दोन एकत्र, असे शेवटपर्यंत, ८१ टाके उरतील. एक ओळ उलटी. पुढे सात सुलटे, दोन एकत्र, ७२ उरतील. अशी प्रत्येक सुलट्या ओळीत नऊ टाक्यांची घट करत, मध्ये एकेक ओळ उलटी विणत, ९ टाके उरेपर्यंत जा. धागा वीतभर ठेवून तोडा, शिवणाच्या सुईने नऊही टाक्यांतून ओढून घट्ट करा आणि त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला. शिवण चपटी ठेवा, जाड राहिली तर बाळाच्या डोक्याला रुतते.

उरलेला धागा टाकू नका. छोटा गुंडा करून, गोळ्याची पट्टी त्यालाच बांधून भेटीबरोबर द्या. पुढे कुठे टाका सुटला किंवा बाळाच्या पाठच्या भावंडासाठी टोपी वाढवायची झाली तर त्याच रंगाचा, त्याच लॉटचा धागा तिच्या हाताशी राहील.